रांगेतली माणसे : 'एअरलिफ्ट'च्या निमित्ताने

गेल्या प्रजासत्ताकदिनी आमच्या महाविद्यालयात 'एअरलिफ्ट' हा हिंदी चित्रपट दाखवण्यात आला. २०१६ सालचा हा चित्रपट आता तसा जुना झाला. पण राष्ट्रीय सणाला काहीतरी 'देशभक्तीपर' दाखवायचे ठरले की सांस्कृतिक समितीच्या यादीत तो हटकून असतो. चित्रपट सुरू होण्यापूर्वी मी विद्यार्थ्यांना सहज म्हणून सांगितले, की १९९० साली कुवेतमधून जी माणसे परत आली त्यांत माझे चुलते होते. चित्रपट संपला, टाळ्या झाल्या, दिवे लागले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, यात तुमचे काका कोणते?"

मला उत्तर देता आले नाही. चित्रपटभर मी स्वतःच त्यांना शोधत होतो. बसमध्ये, छावणीत, सीमेवरच्या गर्दीत. ते कुठेच नव्हते. असतील तर नायकाच्या पाठीमागे, किंचित धूसर झालेल्या गर्दीत. प्रस्तुत लेख हे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे, आणि एका लोकप्रिय कलाकृतीची आपल्या निकषांवर केलेली तपासणीही आहे. आपले निकष म्हणजे कोणते? जे निकष आपण कथा-कवितेला लावतो तेच. या कलाकृतीत माणूस कुठे आहे? तो माणूस म्हणून उभा आहे की कुणाच्या तरी मोठेपणासाठी वापरला आहे? आणि जे त्याचा हक्क आहे, ते त्याला हक्क म्हणून मिळते आहे की दया म्हणून?

आधी घटना पाहू. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनच्या इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. त्या वेळी तेथे १,७०,०००च्या आसपास भारतीय होते. काही थोडे व्यापारी, डॉक्टर, इंजिनिअर, कारकून. बाकी मोठा समुदाय अंगमेहनतीवर जगणाऱ्यांचा. सुतार, गवंडी, ड्रायव्हर, स्वयंपाकी, साफसफाई करणारे, घरकाम करणाऱ्या बाया. ६ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांनी इराकवर आर्थिक निर्बंध घातले. कुवेती दिनार कवडीमोल झाला. समुद्राची वाट बंदच झाल्यासारखी होती. उरली ती खुश्कीची वाट : कुवेतहून बसरा, बसऱ्याहून बगदाद, बगदादहून वाळवंट तुडवीत जॉर्डनची सीमा आणि तेथून अम्मान. अम्मानच्या विमानतळावरून एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे करून १,११,०००हून अधिक माणसे मायदेशी आणली. नागरी विमानांनी एवढी माणसे हलवल्याचा तो विक्रम ठरला.

माझे चुलते त्या आकड्यातले एक. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. रत्नागिरी जिल्ह्यातला बौद्धवाडीतला माणूस, सातवीपर्यंत शिकलेला. मुंबईला परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होता. रिंग खात्यातच का, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. विणकाम खात्यात धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्यांना तेथे प्रवेश नव्हता, आणि १९२८-२९च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी तो प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला होता. तो विटाळ पुढे कागदावरून गेला, पण बापाच्या खात्यात मुलगा लागण्याची रीत राहिली. १९८२चा संप झाला आणि आबांचे ते खातेही गेले. पाच वर्षे मिळेल ते काम करून, आजीचे होते नव्हते ते डाग मोडून आणि वर कर्ज काढून, एका एजंटामार्फत ते कुवेतला गेले. तेथे उतरल्या दिवशीच कफीलाने, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचे तिथले राहणे होते त्या मालकाने, त्यांचा पासपोर्ट काढून घेतला. तो पुन्हा त्यांना कधी दिसला नाही. सप्टेंबर १९९०मध्ये ते सहारला उतरले तेव्हा त्यांच्याजवळ वकिलातीने दिलेला एक कागद, एक चादर आणि अंगावरचे कपडे होते.

चित्रपट आला तेव्हा आबा हयात होते. नातवंडांनी त्यांना तो दाखवला. नाव ऐकून त्यांनी त्याचा अर्थ विचारला. 'उचलून आणणे' असे सांगितल्यावर ते म्हणाले, "उचलून? आमाला कोन उचलून आननार? आमी रांग लावून आलो."

या एका वाक्यात चित्रपटाची समीक्षा झालेली आहे. मी फक्त तिचा विस्तार करतो.

राजा कृष्ण मेनन यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा नायक रणजित कटियाल हा कुवेतमधला धनाढ्य व्यापारी आहे. स्वतःला भारतीय म्हणवून घेण्यात त्याला रस नाही. आक्रमण होते, त्याचे डोळे उघडतात, आणि तो १,७०,००० देशबांधवांचा तारणहार होतो. मथुनी मॅथ्यूज आणि हरभजनसिंग वेदी या कुवेतमधल्या दोन भारतीयांच्या कामावरून हे पात्र बेतले आहे. त्या दोघांनी आणि त्यांच्याबरोबरच्या अनेकांनी जे काम केले ते खरेच मोठे होते, त्याला उणेपणा आणण्याचा माझा हेतू नाही. चित्रपटाचे तांत्रिक अंगही दुबळे नाही. लुटलेले, ओस पडलेले शहर प्रत्ययकारी उभे राहते, आणि अक्षय कुमार यांनी नेहमीपेक्षा संयमाने काम केले आहे. आक्षेप आशयाला आहे.

चित्रपटाच्या सुरुवातीला नायकाचा ड्रायव्हर नायर इराकी सैनिकांच्या गोळीला बळी पडतो. हा नायर कोण, कुठल्या गावचा, किती कर्ज काढून आला, याची चित्रपटाला गरज वाटत नाही. तो मरतो तो मालकाचे डोळे उघडावेत म्हणून! कष्टकऱ्याचे मरण हे धन्याच्या आत्मिक उन्नतीची पायरी व्हावे, हा आपल्याकडच्या प्रस्थापित वाङ्मयातला फार जुना रिवाज आहे. एकनिष्ठ गडी, प्रामाणिक म्हातारी मोलकरीण, धन्यासाठी जीव देणारा रामोशी यांच्या गोष्टी आपण पाठ्यपुस्तकांतून वाचत आलो. विमान आले, वाळवंट आले, तरी कथेचा सांगाडा वाड्याचाच राहिला.

छावणीतल्या माणसांचेही तेच. खऱ्या कुवेतमध्ये शाळांच्या इमारतींतून छावण्या चालल्या, जेवणाच्या पाळ्या लागल्या, नावांच्या याद्या झाल्या, बसगाड्यांचे भाडे ठरवण्यासाठी वर्गणी निघाली. हे सगळे माणसांनी आपसांत मिळून केले. आबा सांगत, की त्यांच्या खोलीतल्या अकरा जणांत दोघांना इंग्रजी वाचता येई. त्या दोघांनी फॉर्म भरायचे, बाकीच्यांनी पाणी आणायचे आणि रांगेत जागा धरायची, अशी वाटणी होती. ही वाटणी म्हणजेच संघटना. चित्रपटाला ती दिसत नाही, कारण त्याला समुदाय दिसत नाही. त्याला एक नायक आणि एक गर्दी एवढेच दिसते. गर्दीतला जो माणूस ठळकपणे बोलतो, तो जॉर्ज कुट्टी, सतत कुरकुर करणारा म्हणून रंगवला आहे. प्रश्न विचारणारा गरजू म्हणजे कटकट्या, हा निर्णय चित्रपटाने प्रेक्षकाच्या वतीने परस्पर घेऊन टाकला आहे.

पण माझ्या मते चित्रपटाचे सर्वांत मोठे अपयश आणखी वेगळ्या जागी आहे. मायदेशाचे सरकार त्यात जवळजवळ नाहीच. आहेत ते टाळाटाळ करणारे मंत्री, फायलींत बुडालेले कार्यालय आणि अपवाद म्हणून एक सहृदय अधिकारी. जानेवारी २०१६मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी याला जाहीर आक्षेप घेतला, तेव्हा पुष्कळांना ते सरकारी रडगाणे वाटले. सरकारची वकिली करणे हे आपले काम नाही. पण येथे वस्तुस्थिती काय होती ते सांगितलेच पाहिजे, कारण या प्रकरणातला खरा नैतिक पेच त्या वस्तुस्थितीतच आहे, आणि चित्रपटाने नेमका तोच गाळला.

भारताचे आणि इराकचे संबंध जुने व मैत्रीचे होते. तेल तेथून येई, काश्मीरच्या प्रश्नावर इराक आपल्या बाजूने उभा राही. दुसरीकडे कुवेतवरचे आक्रमण उघड उघड दांडगाई होती आणि सारे जग इराकविरुद्ध एकवटत होते. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने इराकचा कडक शब्दांत धिक्कार करण्याचे टाळले. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल ऑगस्टमध्ये बगदादला गेले. सद्दाम हुसेनने त्यांना मिठी मारली आणि ते छायाचित्र जगभर छापून आले. गुजराल यांच्यावर टीकेची झोड उठली. इराकने कुवेतमधल्या परदेशी वकिलाती बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा पाश्चात्त्य देशांनी तो धुडकावला. भारताने मात्र आपली वकिलात बसऱ्याला हलवली. निर्बंधांमुळे कुवेतमध्ये अडकलेल्या माणसांना धान्य पाठवणेही अवघड झाले, तेव्हा भारताला संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध समितीपुढे धान्याच्या जहाजासाठी परवानगी मागावी लागली. म्हणजे आक्रमकाशी गोड बोलायचे, त्याच्या शत्रूंना दुखवायचे नाही, आणि मधल्या फटीतून दीड-पावणेदोन लाख माणसे बाहेर काढायची, असा तो सारा व्यवहार होता.

आता आपल्यापुढचा प्रश्न असा, की या मिठीचे आपण काय करायचे? १९८८च्या मार्चमध्ये ज्या सद्दामने हलब्जा येथे कुर्द माणसांवर विषारी वायू सोडून हजारोंचा जीव घेतला, त्याच्या मिठीत आपला मंत्री उभा आहे. अन्यायाला अन्याय म्हणणे हा ज्यांच्या साहित्याचा प्राण आहे, त्या आपण या मौनाला क्षमा करायची काय? मी स्वतः पुष्कळ काळ या प्रश्नाशी अडलो होतो. विद्यार्थिदशेत मी त्या मिठीला लाचारी म्हणत असे. घरी आबांसमोर मात्र हा शब्द माझ्या तोंडून निघत नसे.

उत्तर मला परराष्ट्र धोरणावरच्या पुस्तकांत सापडले नाही, ते वाडीत सापडले. गावाने बहिष्कार टाकला, किराणा बंद झाला, विहिरीची वाट अडली, आणि अशा वेळी वस्तीतली दोन पोरे गावात अडकून पडली, तर वस्तीतला वडीलधारा माणूस काय करतो? तो पाटलाच्या ओट्याखाली जाऊन उभा राहतो. नमून बोलतो. पाटील हसून पाठीवर हात ठेवतो, तोही तो सोसतो. पोरे घेऊन घरी येतो. त्याला वस्ती लाचार म्हणत नाही. का म्हणत नाही? कारण तो स्वतःसाठी नमलेला नसतो, आणि परत आल्यावर तो वस्तीच्या बैठकीत बसून काय बोललो, काय कबूल केले, काय सोसले, याचा हिशोब देतो. पोरे घरी आल्यावर त्याच पाटलावर फिर्याद दाखल करायला तोच पुढे असतो. जो हिशोब देत नाही, पोरांच्या नावावर पाटलाशी सोयरीक जमवतो, त्याला वस्ती बरोबर ओळखते.

मला वाटते, राज्यसंस्थेच्या मौनालाही हाच निकष लावला पाहिजे. दुसऱ्या देशात आपली माणसे ओलीस असल्यासारखी अडकली असताना सरकारने शब्द गिळले, तर ते मौन समर्थनीय असू शकते. पण ते उसने घेतलेले मौन असते. ज्यांच्या नावाने ते घेतले, त्यांना त्याचा हिशोब द्यावा लागतो. १९९०च्या प्रकरणात निदान काही हिशोब झाला. माणसे घरी आली. पुढे १९९१मध्ये सुरक्षा परिषदेने नुकसानभरपाई आयोग नेमला आणि इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून भरपाई देण्याची व्यवस्था झाली. २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात कुवेत किंवा इराक सोडावे लागलेल्या प्रत्येक माणसाला २,५०० डॉलर, आणि इतर दावे सोडून दिल्यास ४,००० डॉलर, असा दर होता. आबांचा अर्ज चाळीतल्या एका शिकलेल्या पोराने भरला. काही वर्षांनी पैसे आले. गावच्या घरावर कौले चढली, आणि माझ्या शाळेच्या खर्चाची एक बाजू त्यातून उभी राहिली. त्या अर्जाची झेरॉक्स आबांनी शेवटपर्यंत ट्रंकेत जपली. ध्वज फडकल्यावर संपणाऱ्या चित्रपटाला या झेरॉक्सची किंमत कळणार नाही. ती भरपाई होती. ती कुणा कटियालने दिलेली देणगी नव्हती.

आणखी एक गोष्ट चित्रपटाने दृष्टीआड केली. कुवेत पडल्यानंतर पाचच दिवसांनी, ७ ऑगस्ट १९९० रोजी, याच विश्वनाथ प्रताप सिंग यांनी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा केली. याच सरकारने त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न दिले आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या. अम्मानहून विमाने येत होती त्याच आठवड्यांत दिल्लीच्या रस्त्यांवर उच्चवर्णीय तरुण त्या सरकारला देशबुडवे म्हणत होते. एकच राज्यसंस्था एका हाताने वाळवंटातल्या मजुराला घरी आणत होती आणि दुसऱ्या हाताने मागासलेल्याला कचेरीचे दार उघडत होती. दोन्ही कृतींमागे, कितीही अपुरे असले तरी, एकच मूल्यभान होते : ज्याला स्वतःच्या बळावर सुटता येत नाही त्याची जबाबदारी राज्याची आहे. चित्रपटातल्या दिल्लीत मंडलचा वणवा जाणवत नाही. राज्य पुसून टाकून त्या जागी उदार व्यापारी बसवायचा असेल, तर मंडलही पुसावेच लागते.

सुटकेच्या प्रश्नाला आपल्या इतिहासात याहून जुने आणि याहून झोंबणारे पान आहे. फाळणीनंतर भारत-पाकिस्तान संबंध विकोपाला गेले असताना सिंधमधल्या सफाई कामगारांना 'अत्यावश्यक सेवा' ठरवून भारतात येण्यास अटकाव करण्यात आला. सवर्ण हिंदू निघून गेले तरी चालतील, पण मैला कोण उचलणार? बाबासाहेब तेव्हा केंद्रीय कायदामंत्री होते. डिसेंबर १९४७मध्ये त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांच्या सुटकेची मागणी केली आणि त्या कामी महार रेजिमेंटचा उपयोग करावा असे सुचवले. इकडे आलेल्या अस्पृश्य निर्वासितांची छावण्यांतून जी उपेक्षा होत होती, तीही त्यांनी त्याच पत्रात मांडली. या पत्राचे महत्त्व मला असे वाटते, की सुटकेच्या रांगेतही जातीची रांग असते हे त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवले. कोणाला आधी काढायचे, कोणावाचून तिथल्यांचे अडते, कोणाच्या येण्याची इथे कुणाला घाई नाही, हे सारे प्रश्न राजनैतिक वाटतात. ते सामाजिकही असतात.

हा निकष घेऊन २०१४ साली या. जूनमध्ये इराकमध्ये आयसिसच्या टोळ्यांनी मोसुल घेतले. तिकरितच्या रुग्णालयातल्या ४६ भारतीय परिचारिका अडकल्या. पडद्यामागे वाटाघाटी झाल्या आणि ५ जुलै २०१४ रोजी त्या सुखरूप कोचीला पोचल्या. त्याच वेळी मोसुलजवळ बांधकामावर असलेले भारतीय मजूर पकडले गेले. त्यांतला एक निसटून आला, ३९ राहिले. पंजाब, हिमाचल, बिहार, बंगालमधली ही गरीब घरची पोरे होती. निसटून आलेला मजूर सांगत होता, की बाकीच्यांना गोळ्या घातल्या. त्याच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. पुराव्याशिवाय कोणाला मृत म्हणणार नाही, ही सरकारची भूमिका होती, आणि ती मुळात अमानुष नव्हती. पण चार वर्षे त्या घरांना 'शोध चालू आहे' एवढेच कळत राहिले. २० मार्च २०१८ रोजी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत ते ३९ जण मरण पावल्याचे जाहीर केले, आणि कित्येक घरांनी ही बातमी दूरदर्शन संचावर ऐकली. वस्तीच्या वडीलधाऱ्याचा निकष लावा. मौन उसने घेतले होते. हिशोब आधी कोणाला द्यायला हवा होता? संसदेला की त्या आयांना?

आणि आपली कलासृष्टी? परिचारिकांच्या सुटकेवर २०१७ साली दोन गाजलेले चित्रपट आले. हिंदीतल्या 'टायगर जिंदा है'ने त्यांना सलमान खान यांच्या मर्दुमकीचे साहित्य केले. महेश नारायणन यांचा मल्याळम 'टेक ऑफ' मात्र वेगळ्या जातीचा चित्रपट आहे. त्यातली समीरा इराकला जाते ती घरावरचे कर्ज फेडायला. तिचा संसार, तिची अडचण, तिचा राग हे सगळे सुटकेच्या आधी येते, आणि म्हणून सुटका ही तिची होते. तेथे राजदूतही कामाला जुंपलेला माणूस म्हणून दिसतो. एअरलिफ्टकारांना जे जमले नाही ते या चित्रपटाला जमले, कारण त्याने कॅमेरा रांगेत नेऊन ठेवला. पण तोही परिचारिकांपाशीच थांबतो. त्या ३९ मजुरांना असा एकही गाजलेला चित्रपट लाभला नाही. जे वाचले नाहीत त्यांच्यावर विजयगीत रचता येत नाही, हे खरे. पण शोकगीत तरी रचता येते! २०२२ साली युक्रेनमधून सुमारे २२,५०० भारतीय आणले गेले. त्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी होते आणि त्यांच्या आईबापांचा आवाज रोज घरोघर ऐकू येत होता. तो ऐकू आला हे चांगलेच झाले. बांधकामावरच्या मजुराच्या आईला तो आवाज कोण देणार?

कोणी म्हणेल, परदेशात अडकलेल्याची जात कोण पाहतो? पासपोर्टवर तर जात नसते. बरोबर. पासपोर्टवर शाळा असते. १९८३च्या उत्प्रवास कायद्याने पासपोर्टधारकांचे दोन वर्ग केले. एकाला ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारी तपासणी लागत नाही, दुसऱ्याला लागते. शिक्षणाची पायरी वेळोवेळी खाली आली, आज ती दहावीची आहे. आखाती देश या यादीत आहेत. हेतू संरक्षणाचा आहे, आणि एजंटांच्या तावडीतून अडाणी माणसाला वाचवायचे तर काही तपासणी हवी, हे मी मान्य करतो. पण या देशात दहावीच्या अलीकडे पिढ्यान्‌पिढ्या कोण थांबवले गेले? जानेवारी २०१८मध्ये सरकारने या दुसऱ्या वर्गाच्या पासपोर्टाला नारिंगी रंगाचे वेगळे वेष्टन देण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या कायद्याच्या पोटातली विषमता अचानक रंगासकट बाहेर आली. विरोध झाला आणि ३० जानेवारीला निर्णय मागे घेतला गेला. मला तेव्हा गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू आठवला. रंग टळला, पण वर्ग राहिला. आबांच्या पासपोर्टवर तपासणीचा शिक्का होता, माझ्या पासपोर्टवर नाही. आमच्या घरातला शिक्क्याविना पहिला पासपोर्ट माझा. आमच्या दोघांमध्ये फक्त एक पदवी उभी आहे, आणि त्या पदवीच्या पायात कुवेतमधला एक उन्हाळा आहे.

१२ जून २०२४ रोजी कुवेतमधल्या मंगाफ येथे मजुरांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय मेले. दोन दिवसांनी हवाई दलाच्या विमानाने त्यांचे मृतदेह कोचीला आणले. विमान तत्परतेने गेले, याबद्दल सरकारला दोष देता येणार नाही. पण एका इमारतीत किती माणसे कोंबावीत, पासपोर्ट मालकाने ठेवावा की नाही, हे शांततेच्या काळात आपल्या वकिलाती मैत्री न बिघडवता विचारणार आहेत की नाही? संकटाच्या वेळचे मौन एक वेळ समजू शकते. शांततेच्या वेळचे मौन कोणाच्या प्राणांसाठी असते?

मित्रहो, हा प्रश्न चित्रपटवाल्यांवर आणि परराष्ट्र मंत्रालयावर सोडून चालणार नाही. आपल्या आत्मकथनांनी गाव लिहिले, गिरणी लिहिली, झोपडपट्टी लिहिली. कफीलाच्या दाराशी पासपोर्टविना उभा असलेला माणूस आपण अजून पुरेसा लिहिलेला नाही. मल्याळममध्ये बेन्यामिन यांनी २००८ साली 'आडुजीवितम' ही कादंबरी लिहून सौदी वाळवंटात शेळ्यांमागे गुलामासारखा राबवला गेलेला मजूर साहित्यात आणला. आपल्या वाड्यांतून, चाळींतून आखातात गेलेली माणसे थोडी नाहीत. त्यांच्या ट्रंकांत कागद आहेत, पावत्या आहेत, झेरॉक्स आहेत. कार्यकर्त्यांनी त्या उघडायला लावाव्यात, विद्यार्थ्यांनी लिहून घ्याव्यात, शिक्षकांनी त्यांना वर्गात जागा द्यावी.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले आणि आबांच्या अर्जाची झेरॉक्स दाखवली. नाव, वय, गाव, कुवेत सोडल्याची तारीख. खाली अंगठ्याशेजारी सही, कारण आबा दोन्ही करीत. मी म्हणालो, "हे माझे काका. चित्रपटात ते नाहीत." त्याने कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "सर, माझे मामा कतारला आहेत. त्यांना विचारून लिहू का?"

लिही म्हणालो.